डोकं कोणाचं राबतंय? परकी भाषा शिकण्या-शिकवण्यासाठी डिजिटल साधनं

पुढे वाचण्याआधी पाच मिनिटांचं एक काम करा. तुम्ही ज्या ॲपवर भाषा शिकता, त्यातला परवाचा धडा आठवा. फोन पालथा ठेवा, कागद घ्या आणि त्या धड्यातले दहा शब्द लिहून काढा. मग त्यातले कोणतेही तीन घेऊन तीन वाक्यं मोठ्यानं बोला.

कागद अर्धा कोरा राहिला तर दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही. ॲपमध्ये शब्द डोळ्यांसमोर होते आणि तुम्ही ते नुसते ओळखत होता. कागदावर ते आठवायचे होते. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव काही केल्या आठवत नाही, असं आपलं माणसांच्या बाबतीत होतं. शब्दांचंही तसंच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे तपासलं. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतली तेव्हा आठवणारे. गंमत म्हणजे आपल्याला जास्त येतंय असं वाचणाऱ्यांनाच वाटत होतं.

भाषेसाठी वापरायच्या प्रत्येक साधनाला मी म्हणूनच एकच प्रश्न विचारते: इथे डोकं कोणाचं राबतंय, माझं की यंत्राचं? यंत्राचं राबत असेल तर साधन टाकून द्यायची गरज नसते. बहुतेक वेळा ते उलटं धरलं की काम होतं. कसं धरायचं ते पायरीपायरीनं पाहू.

पायरी १: कुठे पोहोचायचं आणि किती तास लागतील

हे चटकन उरका. युरोप परिषदेनं २००१ मध्ये भाषा किती येते ते मोजायला ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (सगळ्यात वरची) अशा सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. तिचा खरा उपयोग परीक्षेपेक्षा तिच्यातल्या 'मला हे करता येतं' छापाच्या वाक्यांसाठी आहे. 'मी फोनवरून भेटीची वेळ बदलून घेऊ शकते' असं एक वाक्य निवडा आणि येत्या तीन महिन्यांचं लक्ष्य तेच ठेवा. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन५ ते एन१ अशा पातळ्या असतात, पण त्या परीक्षेत बोलणं तपासलंच जात नाही. तेव्हा फक्त तिच्यावर विसंबू नका.

तासांचा अंदाजही असू द्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना स्पॅनिश किंवा फ्रेंच शिकवायला साधारण ६०० ते ७५० वर्गतास धरते, तर जपानी, चिनी, अरबी, कोरियनसाठी सुमारे २,२००. हे आकडे मराठी माणसाला जसेच्या तसे लागू नाहीत. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'नो' हा प्रत्यय आपल्या चा-ची-चे सारखा चालतो. 'वाताशि नो होन' म्हणजे सरळ 'माझं पुस्तक'. इंग्रजी भाषकाला जिथे वाक्य उलटं करावं लागतं, तिथे आपण सरळ चालत जातो. (कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चिन्हं, मात्र सगळ्यांना सारखीच छळतात.) तरीही दिवसाला दहा मिनिटं म्हणजे वर्षाला साठेक तास. दहा मिनिटांत भाषा येईल असं सांगणाऱ्या जाहिरातीकडे हा हिशेब समोर ठेवून पाहा.

पायरी २: फोन त्या भाषेसाठी तयार करा

एका संध्याकाळचं काम आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्या भाषेचा कीबोर्ड जोडा, त्या भाषेतला वाचून दाखवणारा आवाज उतरवून घ्या आणि बोलून टाइप करायची सोय त्याच भाषेत सुरू करा. ही शेवटची सोय पुढे फार कामाला येणार आहे. एखादा ऑफलाइन शब्दकोश ठेवा. शब्दसूचना आणि आपोआप दुरुस्ती बंद करा, नाहीतर स्पेलिंग तुमच्याऐवजी कीबोर्ड शिकेल.

चिनी-जपानीसाठी एक जादा सूचना. या भाषांत आपण उच्चार टाइप करतो आणि कीबोर्ड चिन्हांची यादी पुढे करतो. म्हणजे पुन्हा ओळखण्याचाच खेळ. टाइप करायला शिकाच, पण रोज पाच-सहा चिन्हं हातानं, न बघता कागदावर लिहा. टाइप करून करून हातानं लिहायची चिन्हं विसरल्याची तक्रार जन्मापासून चिनी बोलणारेही करतात.

पायरी ३: पहिले दोन आठवडे फक्त कान

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वर्षानुवर्षं भरपाई करत बसतात. जो आवाज कानाला वेगळा ऐकूच येत नाही, तो जिभेवर कसा येणार?

जर्मनमध्ये 'चर्च' आणि 'चेरी' या अर्थाच्या दोन शब्दांत एकाच व्यंजनाचा फरक आहे. देवनागरीत मात्र दोन्ही 'किर्शं' असेच लिहावे लागतात. वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याच्या सवयीचा धोका हाच. आपली लिपी ध्वनींच्या बाबतीत इतकी नेमकी आहे की तिच्यात लिहिलेलं बरोबरच असणार असं वाटतं, आणि जो आवाज आपल्या वर्णमालेत नाही तो गुपचूप शेजारच्या अक्षरात जाऊन बसतो.

पण हीच लिपी काही ठिकाणी रोमनपेक्षा कितीतरी सरस ठरते. चिनीच्या पिनयिन या रोमन लिखाणात 'बी' आणि 'पी' ही अक्षरं आहेत, पण त्यांचा खरा फरक महाप्राणाचा आहे. 'बी' म्हणजे जवळपास आपला प, आणि 'पी' म्हणजे 'फळ'मधला फ, ओठ मिटून उच्चारलेला. तसंच 'डी' म्हणजे त आणि 'टी' म्हणजे थ. इंग्रजीच्या चष्म्यातून पाहणारा इथे महिनोन्महिने अडखळतो. मराठी कानाला हा फरक जन्मापासून ठाऊक आहे. 'चूक'मधला च जपानी 'त्सु'च्या अगदी शेजारी बसतो आणि 'चाक'मधला च जर्मन 'झेड'च्या. म्हणून सुरुवातीलाच तीन रकान्यांची यादी करा: जे आवाज आपल्याकडे आहेत, जे वेगळ्या अक्षराखाली लपलेत, आणि जे मुळीच नाहीत. मेहनत तिसऱ्या रकान्यावर घ्यायची.

सरावाची पद्धत अशी. जवळजवळ सारखे ऐकू येणारे शब्दांचे दहा जोड निवडा. फोर्वो या संकेतस्थळावर एकाच शब्दाचे वेगवेगळ्या माणसांनी केलेले उच्चार मिळतात. प्रत्येक शब्दाचे तीन-चार आवाज जमवा, पुरुषांचे, बायकांचे, वेगवेगळ्या प्रदेशांतले. एकाच आवाजावर सराव केला तर कान त्या माणसाला ओळखायला शिकतो, ध्वनीला नाही. जपानी भाषकांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकायला शिकवणारे १९९१ मधले प्रसिद्ध प्रयोग मुद्दाम अनेक आवाज वापरून केले होते, ते याचसाठी. आवाज उलटसुलट क्रमानं वाजवा, कोणता शब्द ते कागदावर लिहा, मग तपासा. दहापैकी नऊ बरोबर येऊ लागले की पुढचे जोड घ्या.

आता ती बोलून टाइप करायची सोय काढा. त्या जोडातला एक सुटा शब्द बोला आणि पडद्यावर काय उमटतं ते पाहा. सुटाच शब्द का? कारण पूर्ण वाक्य बोललात तर यंत्र मागच्यापुढच्या संदर्भावरून अंदाज बांधतं आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहून दाखवतं. सुट्या शब्दात त्याला पळवाट कमी. तरी हा निकाल अंतिम मानू नका. यंत्राला कळलं म्हणजे माणसाला कळेल, किंवा यंत्राला नाही कळलं म्हणजे चुकलंच, असं नसतं.

चिनीतले सूर किंवा जपानीतले चढउतार पाहायचे असतील तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेला 'प्राट' हा मोफत प्रोग्राम आवाजाच्या उंचीची रेषा काढून दाखवतो. मूळ आवाजाची रेषा वर, आपली खाली. कान फसतो तिथे डोळा मदत करतो.

पायरी ४: आठवड्याला एकच उतारा, पण पिळून काढलेला

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आवाज आणि लिखित मजकूर दोन्ही असलेला दीड-दोन मिनिटांचा तुकडा हवा. असं साहित्य सार्वजनिक प्रसारकांकडे भरपूर आहे आणि मोफत आहे. जर्मनसाठी डॉइचे वेलेची 'निकोस वेग' ही ए१ ते बी१ पर्यंतची व्हिडिओमालिका, फ्रेंचसाठी आरएफआयचं सोप्या भाषेतलं दहा मिनिटांचं बातमीपत्र, जपानीसाठी एनएचके वर्ल्डचे धडे, इंग्रजीसाठी बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश'. मधली पातळी ओलांडलेल्यांना लिब्रिवॉक्सवर प्रताधिकारमुक्त पुस्तकांची ध्वनिमुद्रणं मिळतात. उतारा निवडताना शंभर शब्दांत पाच-सहापेक्षा जास्त अनोळखी शब्द आले तर तो सध्या बाजूला ठेवा.

पहिल्या दिवशी मजकूर न बघता तीनदा ऐका. प्रत्येक वेळी काय कळलं ते दोन ओळींत लिहा, अगदी मराठीत लिहिलं तरी चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी श्रुतलेखन. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये दोन बिंदू ठरवून तेवढाच भाग फिरत ठेवता येतो. एक वाक्य लावा, थांबवा, लिहा. चार वेळा ऐकूनही कळलं नाही तर जागा मोकळी सोडा. वेग ०.७५ करायचा मोह होतो. एकदा करा, पण शेवटची फेरी मूळ वेगातच हवी.

मग मजकूर उघडून लाल पेनानं तपासा. प्रत्येक चुकीपुढे १, २ किंवा ३ लिहा. १ म्हणजे शब्दच माहीत नव्हता. २ म्हणजे शब्द माहीत होता, पण बोलण्याच्या ओघात ओळखू आला नाही. ३ म्हणजे शब्द कळला, पण प्रत्यय, काळ किंवा वचन निसटलं. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. १ साठी पुढच्या पायरीतली कार्डं, समोर प्रश्न आणि मागे उत्तर असलेली. २ साठी कार्ड करून काहीच उपयोग नाही. ते वाक्य फक्त वीस-तीस वेळा ऐकायचं. ३ साठी व्याकरणाचं पुस्तक उघडायचं. वर्षभर शब्द पाठ करूनही ऐकलेलं समजत नाही म्हणणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत बहुतेक चुका दोन नंबरच्या असतात.

चौथ्या दिवशी आवाजाच्या अर्धा सेकंद मागून, सावलीसारखं, त्याच्याबरोबर बोलत जा. आधी मजकूर बघून, मग न बघता. पाचव्या दिवशी सगळं बंद करा आणि तोच उतारा आपल्या शब्दांत मोठ्यानं सांगून रेकॉर्ड करा. जिथे अडाल तिथे तुमच्याकडे काय नाही ते नेमकं सापडतं. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळांतली इंग्रजी भाषक मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती, तरी बोलण्यात कच्ची राहिली होती. ते पाहून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं समजणं पुरत नाही, स्वतः बोलू-लिहू लागल्यावरच आपल्यातली भोकं दिसतात.

उपशीर्षकांबद्दल जाता जाता: पहिल्यांदा बंद, दुसऱ्यांदा त्याच परक्या भाषेतली, तिसऱ्यांदा पुन्हा बंद. मराठी किंवा इंग्रजी उपशीर्षकं लावली की आपण गोष्ट पाहत असतो, भाषा नाही. त्यात पाप काही नाही, फक्त तो वेळ अभ्यासात धरू नका. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं नावं आणि प्रत्यय हमखास चुकवतात, श्रुतलेखन त्यांच्यावरून तपासू नका.

पायरी ५: कार्डं

हर्मन एबिंगहाउसनं अर्थहीन अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, आपण किती वेगानं विसरतो ते १८८५ मध्ये मांडलं. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनरनं कागदी कार्डांची खोकी सुचवली: आलं की पुढच्या खोक्यात, चुकलं की पहिल्या, आणि पुढचं खोकं जास्त दिवसांनी उघडायचं. पिओत्र वोझ्नियाक या पोलंडच्या विद्यार्थ्यानं १९८७ मध्ये हे काम संगणकाला दिलं, आणि त्याच्याच पद्धतीवर २००६ मध्ये 'आन्की' हे कार्डांचं ॲप आलं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर विकतचं. अलीकडच्या आवृत्त्यांत एफएसआरएस ही, कोणतं कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी, नवी गणनपद्धत आहे. संचाच्या सेटिंगमध्ये ती सुरू करून ठेवा, बाकीच्या आकड्यांना हात लावू नका.

कार्डं तयार मिळतात, हजारोंनी. घेऊ नका. निदान पहिले सहा महिने नाही. कार्ड बनवतानाच अर्धं शिकून होतं, आणि वाक्य स्वतः ऐकलेल्या उताऱ्यातलं असलं की त्याला आवाज, प्रसंग, माणूस चिकटलेला असतो.

चांगलं कार्ड कसं असतं? समोर उताऱ्यातलं वाक्य, एक शब्द गाळलेला, आणि त्या शब्दाचा मराठी अर्थ. मागे पूर्ण वाक्य आणि त्याचा आवाज. उत्तर मनात नाही, मोठ्यानं द्यायचं. जर्मन-फ्रेंचसारख्या भाषांत नाम कधीही एकटं ठेवू नका, आर्टिकलसकट ठेवा, कारण लिंग त्यावरून कळतं. आपल्याकडेही तीन लिंगं आहेत म्हणून जर्मन सोपं जाईल असं वाटतं. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. त्यांच्याकडे मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी, तेव्हा 'ते पोर' आठवायचं आणि पुढे जायचं.

अर्थ मराठीतच लिहा, हा माझा आग्रह आहे. इंग्रजीवरून गेलात तर वाटेत काहीतरी सांडतं. इंडोनेशियनमध्ये 'किता' आणि 'कामी' हे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, मग त्यांतला फरक समजावायला परिच्छेद लागतो. मराठीत तो एका शब्दात होतो: किता म्हणजे आपण, कामी म्हणजे आम्ही. जर्मनचं 'दू' आणि 'झी', फ्रेंचचं 'त्यू' आणि 'वू' यांचंही तेच. तू आणि तुम्ही असलेल्या माणसानं हा मुद्दा इंग्रजीतून कशाला शिकायचा?

रोज किती? नवी दहा पुरेत. आन्कीच्याच माहितीपुस्तिकेत ढोबळ हिशेब आहे: रोज वीस नवी घेतलीत तर उजळणीला रोज दोनशेच्या आसपास येतात. म्हणजे दहापट. पहिल्या आठवड्यात पन्नास नवी घेणारा दुसऱ्या महिन्यात ॲप काढून टाकतो, त्याचं कारण हे. एक बटण नीट समजून घ्या: शब्द आठवला नसेल तर 'पुन्हा' दाबायचं. 'अवघड' हे बटण आठवलेल्या, पण कष्टानं आठवलेल्या शब्दासाठी आहे. न आठवलेल्याला 'अवघड' दाबत राहिलं की सगळं वेळापत्रक बिघडतं. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर आन्की आपोआप खूण करतं, सेटिंगप्रमाणे ते बाजूलाही काढतं. ते तसंच चालू ठेवू नका. वाक्य बदलून नवं कार्ड करा, कारण चूक बहुधा त्या वाक्याची असते.

पायरी ६: संवादी एआय आणि भाषांतराचं यंत्र

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हे साधन सगळ्यांच्या हातात आहे, आणि चुकीच्या बाजूनं धरलं जाण्यात त्याचा पहिला नंबर लागतो. 'मला यावर दहा ओळी लिहून दे' म्हटलं की सुंदर दहा ओळी येतात आणि आपण जिथे होतो तिथेच राहतो. त्याऐवजी आधी स्वतः आठ ओळी लिहा, वाकड्यातिकड्या का होईना, आणि मग अशी सूचना द्या:

'मी खाली जर्मनमध्ये आठ ओळी लिहिल्या आहेत. माझी पातळी ए२ आहे. चुका दुरुस्त करू नकोस. ज्या ओळीत चूक आहे तिचा क्रमांक आणि चुकीचा प्रकार सांग: क्रियापदाची जागा, लिंग, विभक्ती की शब्दाची निवड. बरोबर ओळींना हात लावू नकोस. मी दुरुस्त करून परत पाठवेन. माझ्या दुसऱ्या प्रयत्नानंतरच योग्य ओळ दाखव.'

शेवटचं वाक्य गाळू नका, सगळा जीव त्यात आहे. बोलण्याच्या सरावासाठीही भूमिका नेमून द्या: 'तू दूरध्वनीवरची कारकून आहेस, मला भेटीची वेळ बदलायची आहे, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचार, मध्ये चुका सांगू नकोस, शेवटी तीनच सांग.'

याचे दोष माहीत असू द्या. ते व्याकरणाचा नियम ठणकावून सांगतं आणि तो कधीकधी सपशेल चुकीचा असतो. वाक्य बरोबर असूनही 'यात चूक कुठे आहे?' असं विचारलंत, तर चूक शोधून देतं. म्हणून 'चूक आहे की नाही?' असं विचारा, आणि मुद्दाम एखादं पक्कं बरोबर वाक्य मध्ये घालून त्याची परीक्षा घ्या. नियमाची शंका व्याकरणाच्या पुस्तकात मिटवा. ते कौतुकही फार करतं. त्याच्याशी बोलताना अडखळलं तरी कोणी कंटाळत नाही, त्यामुळे सुरुवातीची भीड मोडायला ते छान, पण खऱ्या माणसाचा तुटकपणा, घाई आणि गैरसमज तिथे नसतात.

भाषांतराचं यंत्र शब्दकोशासारखं वापरू नका, तपासनिसासारखं वापरा. स्वतः परक्या भाषेत वाक्य लिहा आणि यंत्राला त्याचं मराठी करायला सांगा. आपल्या मनातलंच मराठी परत आलं तर निदान अर्थ पोहोचला. भलतंच आलं तर वाक्य कुठेतरी घसरलंय. मराठीतून परक्या भाषेत जाताना तू-तुम्ही आणि आपण-आम्ही हे फरक अनेकदा हरवतात, त्यामुळे कोणाला पत्र पाठवण्याआधी तेवढं डोळ्यांखालून घालाच.

पायरी ७: माणूस

टँडेम, हॅलोटॉक यांसारख्या ठिकाणी तुमची भाषा शिकणारा आणि त्याची शिकवणारा जोडीदार शोधता येतो. गप्पा पहिल्या दिवशी रंगतात, तिसऱ्या आठवड्यात विरतात. टिकवायच्या असतील तर वेळ पक्की ठरवा आणि घड्याळ लावून निम्मा वेळ एका भाषेत, निम्मा दुसऱ्या. सोपी भाषा कोणती ते दोघांनाही ठाऊक असतं आणि गाडी तिकडेच घसरते. विषय आधी ठरवा, आठवड्याच्या उताऱ्याचाच घ्या. जोडीदारानं बोलणं तोडू नये, चूक चॅटच्या चौकटीत लिहीत जावं. भेटीनंतर तीच यादी उचलून कार्डं करायची. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. ओळख नवीन असताना पत्ता, नोकरीचं ठिकाण, पैसे हे विषय नकोत.

पायरी ८: शिकवणाऱ्यांसाठी

वर्गात तंत्रज्ञान आणायचं म्हणजे नवं ॲप आणायचं, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते एक आवाज पाठवायची सोय आणि एक सामायिक फोल्डर एवढ्यावर वर्षभराचा अभ्यासक्रम चालतो. बाकी सगळी हौस.

सगळ्यात जास्त मोबदला देणारा गृहपाठ म्हणजे आवाजी गृहपाठ. पण आधी हिशेब करा. तीस विद्यार्थ्यांनी दीड-दीड मिनिटं पाठवली तर नुसतं ऐकायला पाऊण तास. मर्यादा चाळीस सेकंदांवर आणली की वीस मिनिटांत होतं. अट एकच, वाचून दाखवायचं नाही. वाचलेलं लगेच कळतं, कारण त्यात श्वास स्वल्पविरामाला घेतलेला असतो. प्रत्येकाला उत्तरही आवाजातच, पंधरा सेकंदांचं: एक जमलेली गोष्ट, एक न जमलेली, आणि न जमलेलं वाक्य पुन्हा बोलून पाठव. हे पुन्हा पाठवणं सक्तीचं नसेल तर सगळी मेहनत वाया.

नेट हळू असलेल्या विद्यार्थ्यांचा विचार आधी करा, नंतर नाही. व्हिडिओऐवजी एकपदरी (मोनो) एमपी३, ६४ केबीपीएस दर्जाचा दिला तर एका मिनिटाला अर्ध्या एमबीपेक्षाही कमी जागा लागते आणि बोलणं स्वच्छ ऐकू येतं. 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्राममध्ये प्रत्येक वाक्यानंतर वाक्याच्या दीडपट लांबीची शांतता घाला. ती फाइल एकदा बनवली की घरी वर्ग घेते: ऐका, बोला, ऐका, बोला.

'एच५पी' या सराव बनवायच्या साधनात व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतात, श्रुतलेखनाचे सराव बनवता येतात आणि ते मूडल या ऑनलाइन वर्गाच्या व्यवस्थेवर चढवता येतात. थांबे जिथे उत्तर ऐकू येऊन गेलंय तिथे ठेवण्यापेक्षा उत्तर येण्याच्या आधी ठेवून पाहा, 'आता ती काय म्हणेल?' असं विचारून. कहूतसारख्या प्रश्नमंजुषा वर्ग जागा करतात, पण चार पर्याय आणि घड्याळ म्हणजे ओळखण्याची शर्यत. पर्याय दिसण्याआधी सगळ्यांना कागदावर उत्तर लिहायला लावा. खेळ थोडा संथ होतो, वर्ग कुरकुरतो, चालू द्या.

आणि एआयनं लिहिलेला गृहपाठ? तो ओळखणाऱ्या यंत्रांच्या नादी लागू नका. ती प्रामाणिक मुलालाही चोर ठरवतात. लेखी काम जमा करताना विद्यार्थ्याला त्यातल्या दोन वाक्यांवर तोंडी प्रश्न विचारा: हे असं का लिहिलंस, हेच कालच्याबद्दल सांगायचं असतं तर? लिहिणाऱ्याला उत्तर येतं. पातळीनुसार सोपे उतारे, रिकाम्या जागा, एकाच चित्रावरचे पाच प्रश्न यांसाठी मात्र शिक्षकानं एआय खुशाल राबवावं, कारण तिथे शिकणाऱ्याचं डोकं सुटत नाही, आपली रात्र सुटते. आलेलं साहित्य वर्गात नेण्याआधी एक-एक ओळ वाचा. विद्यार्थ्यांची नावं, आवाज, चेहरे कोणत्याही सेवेवर चढवण्याआधी त्यांची परवानगी घ्या, मुलं लहान असतील तर पालकांची.

पायरी ९: आठवडा आणि मोजमाप

रोज चाळीस मिनिटं धरली तर दहा कार्डांना, वीस उताऱ्याला, दहा लिहिण्या-बोलण्याला. आठवड्यातून एकदा जोडीदाराशी अर्धा तास. एखादा दिवस हुकला तर कार्डं तेवढी करा, बाकी सोडून द्या. बरेच दिवस हुकले आणि कार्डांचा ढीग साचला, तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि रोज पन्नास-साठ करत ढीग उपसा. सगळं पुसून नव्यानं सुरू करायची इच्छा होते, ती दाबा.

प्रगती मोजायला ॲपमधले गुण आणि सलग दिवसांचे आकडे निकामी आहेत. एक चित्र निवडा, बरीच माणसं आणि बरीच गडबड असलेलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तयारी न करता त्याच्याबद्दल दोन मिनिटं बोला, रेकॉर्ड करा आणि फाइलला वर्ष-महिन्याचं नाव देऊन ठेवा. लगेच ऐकू नका. तीन जमल्या की एकापाठोपाठ ऐका आणि कागदावर दोनच गोष्टी मोजा: दोन सेकंदांहून लांब अडखळणं किती वेळा झालं, आणि किती वेळा दुसऱ्याच भाषेतला शब्द तोंडात आला. दुसरा आकडा उतरत नसेल तर ते शब्द लिहून काढा. पुढच्या आठवड्याच्या कार्डांची सोय झाली.